नाक, जीभ आणि त्रेसष्ट मार्क

मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी आधी मला हुंगलं.

म्हणजे अगदी जवळ येऊन नाही. दारात उभे राहिले, मान जरा पुढे केली, डोळे मिटले आणि दोनदा श्वास घेतला. मी नुकतीच बदली होऊन घाटावरून मालवणात आले होते, हायस्कुलात गणित शिकवायला. एसटीत आठ तास बसून आलेली बाई. अंगाला कसला वास येत असेल या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मासळी खातास?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही."

"अंडा?"

"नाही."

"लसूण?"

"क्वचित."

"क्वचित म्हणजे खंयच्या वारी?"

मला हसू आलं, पण ते गंभीर होते. मग अगरबत्तीची चौकशी झाली. देवापुढे लावते, असं मी सांगितलं. "देवाक फुला चालत नाय काय?" असं विचारून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. फुलंसुद्धा जास्वंदीची आणा, मोगरा नको, हे जिन्यावरून वर जाताना ऐकू आलं.

ती खोली चार वर्षं रिकामी होती. मालवणात मासे न तळणारा भाडेकरू शोधायचा म्हणजे चार वर्षं कमीच झाली. आमच्या शाळेच्या शिपायाने माझा डबा बघितला आणि म्हणाला, "बाईनू, तुमी पात्रांवाकडे जावा. तेका तुमच्यासारख्याच माणूस होया." पात्रांव म्हणजे मालक, गोव्याकडचा शब्द. गावात सगळे त्यांना याच नावाने ओळखत. खरं नाव मला ठाऊक आहे, पण मी ते लिहीत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं घर होतं. खाली रस्त्याच्या बाजूला दुकान, मागे कारखाना, म्हणजे एक मोठी चूल, एक संगमरवरी फळी आणि एक तांब्याची कढई. वर माझी खोली. दुकानावर पाटी नव्हती. बेकरी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "बेकरीत पाव भाजतत. हंय साखर शिजता," असं ते सांगत. केक करायचे, नानखटाई करायचे, नाताळात कुलकुलं आणि नेवऱ्या करायचे, पण हे सगळं पोटासाठी. त्यांचा जीव होता मासापांवात. काजूगर वाटायचे, साखरेच्या पाकात अंड्याच्या पांढऱ्या बलकाबरोबर मंद आचेवर घोटायचे, गुलाबपाण्याचे थेंब टाकायचे आणि गोळा कढई सोडायला लागला की लाकडी साच्यात दाबून त्याची फळं करायची. ती वाळली की ब्रशने रंगवायची. नासपती करायची तर देठाच्या जागी लवंग खोचायची. मुंबईचे लोक त्याला मार्झिपान म्हणतात आणि बदामाचं करतात. पात्रांवांचं म्हणणं, बदाम बोटीतून येतो, काजू परसात पडतो, मग शहाणा कोण?

ही विद्या त्यांनी मडगावात मिळवली. गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हाची गोष्ट. तिथे एका पोर्तुगीज बाईचं मिठाईचं दुकान होतं. खुद्द लिस्बनला शिकून आलेली बाई. पात्रांवांच्या मामाने त्यांना बाराव्या वर्षी तिच्या हाताखाली दिलं. तिला ते सिन्योरा म्हणत, आणि तिच्याबद्दल बोलताना साठ वर्षांनंतरही आवाज खाली आणत. पहिलं वर्षभर तिने त्यांना कशाला हात लावू दिला नाही. डोळ्यांवर फडकं बांधायची आणि नाकाखाली वाटी धरायची. ताजी साखर, ओल लागलेली साखर, काल फोडलेलं अंडं, आज फोडलेलं अंडं. चुकलं की पुन्हा. "साखरेक घाई कळता," हे तिचं वाक्य ते दिवसातून एकदा तरी ऐकवत, विशेषतः गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागलं की. पोर्तुगीज गेले तेव्हा सिन्योराही बोटीत बसून गेली. जाताना तिने त्यांना आठ साचे दिले. नासपती, पीच, अंजीर, अशी सगळी तिच्या मुलखातली फळं.

यातली गंमत अशी की पात्रांवांनी हजारो नासपत्या केल्या, पण खरी नासपती बघितली चाळिशीत. मुंबईहून भाच्याने पेटी आणली होती. त्यांनी एक फळ धुतलं, पुसलं, बराच वेळ हुंगलं आणि चावलं. मग उरलेलं तसंच बशीत ठेवून म्हणाले, "ह्या असा लागता? सिन्योराचा बरा."

साचे आठच, आणि सगळे परके, ही खंत त्यांना होती. म्हणून त्यांनी पिंगुळीच्या एका कळसूत्री बाहुल्या कोरणाऱ्याला काजूबोंडाचा साचा सांगितला. साचा म्हणजे आत खोल कोरलेला हवा. त्या माणसाने महिनाभर मेहनत करून अस्सल काजूबोंड आणलं, भरीव, खाली बी लोंबणारं, वर रेषासुद्धा कोरलेल्या. जन्मभर त्याने लाकडातून माणसं बाहेर काढलेली. लाकडात पोकळी कोरायची हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. पात्रांव त्या काजूबोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आता ह्या खाऊचा कसा?" पण परत दिलं नाही. रंगवून काचेच्या कपाटात ठेवलं. त्यावर दात आपटलेली दोन तरी गिऱ्हाईकं माझ्या माहितीत आहेत.

आता नावाचं सांगते. केकवर ते नाव घालत नसत. वाढदिवस असो, बारसं असो, लग्न असो, वर फुलं काढतील, वेलबुट्टी काढतील, पण अक्षर नाही. एकदा तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचे कार्यकर्ते आले. साहेबांचं नाव पाहिजे, जमलं तर फोटोही पाहिजे.

"नाव कापूचा नसता," पात्रांव म्हणाले.

"अवो, सगळेच घालतत."

"मगे सगळ्यांकडे जावा. जित्या माणसाच्या नावात सुरी घालूची? आणि तो बाजूक उभो ऱ्हवान टाळये पिटतलो?"

कार्यकर्ते गेले ते परत आले नाहीत. असली गिऱ्हाईकं ते वर्षाला पाचपन्नास घालवत. तर माणसाचं नाव कापायला द्यायचं नाही, असा त्यांचा नियम होता. कागद म्हणजे काही केक नव्हे, पण मीही तो पाळते.

सगळा कारभार नाकावर चाले. अंगाला साबण लावत नसत, गरम पाणी आणि काथ्याची घासणी. विडी-तंबाखूला जागाच नको म्हणून सदऱ्याला खिसा नसे. अत्तर लावून आलेल्या गिऱ्हाइकाला दाराबाहेर उभं करून मिठाई देत. मासापांव करायचा तो पहाटेपासून दहापर्यंतच, कारण तोवर वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. दहानंतर वारा फिरला की बंदरावरची सुकी मासळी गल्लीत यायची आणि ते कढईवर झाकण घालून पश्चिमेची खिडकी लावून घ्यायचे. भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे मीही शिकले होते, पण त्यावर घर चालवणारा माणूस प्रथमच पाहिला.

माझ्या हिंगाची डबी मी दुसऱ्या डब्यात, तो डबा तिसऱ्यात ठेवत असे. तरी संध्याकाळी खालून आवाज यायचा, "बाईनू, आज आमटी केलात?" अकरा वर्षांत ते एकदाही वर आले नाहीत. त्यांना गरजच नव्हती.

आणि अकरा वर्षांत मी त्यांचा एक कणही खाल्ला नव्हता. सगळ्यात अंडं. आमच्या घरी अंड्याचं नावसुद्धा घेत नसत. नाताळात ते माझ्यासाठी ताटलीत केळी पाठवत. माझी दिवाळीची करंजी मात्र घेत, एक चावा खात आणि "खोबरा परवाचा आसा" असं सांगत. ते परवाचंच असायचं.

कोरोनात पात्रांव आजारी पडले. ऐंशीच्या घरातला माणूस, सगळ्यांनी आशा सोडली होती. कुंदाने त्यांना वाचवलं. कुंदा म्हणजे त्यांच्याकडे वीस वर्षं काजू वाटणारी बाई, पन्नाशीची, मूळची मसुऱ्याची. मोठ्या रगड्यावर ती एवढं मऊ वाटायची की बोटाला कण लागत नसे. भराडी देवीच्या जत्रेला ती चार दिवस गावी जायची, आणि ते चार दिवस मासापांव बंद. तिने दाराबाहेरून पेज दिली, काढे दिले, आणि तीन आठवड्यांनी पात्रांव काठी टेकत कारखान्यात येऊन बसले.

त्यानंतरची एक सकाळ. मी गॅसवर डाळ ठेवून शाळेचा ऑनलाइन तास घेत बसले आणि डाळ जळून कोळसा झाली. खोलीत धूर, जिन्यात धूर. मी पातेलं नळाखाली धरलं आणि खालून आरडाओरडा कधी सुरू होतो याची वाट बघत राहिले. काहीच नाही. माणूस बेशुद्ध पडला की काय म्हणून धावत खाली गेले. ते फळीशी बसून शांतपणे काजू निवडत होते. माझ्याकडे बघून हसले.

"आज काय रांधलात, बाईनू?" त्यांनी विचारलं.

मी दारातच थांबले. अकरा वर्षांत हा प्रश्न त्यांना कधी विचारावा लागला नव्हता. माझा चेहरा बघून त्यांनाही कळलं. हातातले काजू त्यांनी परातीत टाकले.

"माका वास येणा नाय," ते म्हणाले. "चवय येणा नाय. महिनो झालो. डॉक्टर म्हणता येयत. पण ती गेली ती गेली, माका कळता. कोणाक सांगू नकात."

 मग त्यांनीच मला काम सांगितलं. ते मनात बरेच दिवस घोळत असावं, कारण अडखळले नाहीत. रोज सकाळी खाली यायचं, घोटलेला मासापांव चाखायचा आणि खरं काय ते सांगायचं. तो पास झाला तरच साच्यात जाईल, नाही तर उकिरड्यावर. स्वतःला कळत नसलेली वस्तू ते लोकांच्या तोंडात घालणार नव्हते, आणि मासापांव बंद करून जगणारही नव्हते. हे दुसरं ते बोलले नाहीत, मला दिसलं.

"कुंदा आहे की," मी म्हटलं.

"कुंदाक म्हायत आसा, पण तिका माझी कीव येता. ती खोटा सांगतली."

"पण मी कधी खाल्लंच नाही. मला काय कळणार?"

"म्हणानच. तुमची जीब कोरी आसा. आणि तुमी मार्क कमी देतास. गावातली पोरा रडत येतत हंय केक घेवक, गणिताचो निकाल लागल्यावर."

तेव्हा मी शंभरातले पस्तीस देतानासुद्धा दोनदा बेरीज करणारी बाई होते आणि त्याचा मला अभिमान होता. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी अंडं घातलेला पदार्थ तोंडात घातला तो या एका वाक्यामुळे.

पहिला महिना त्यांनी मला मासापांव दिलाच नाही. सिन्योराची शाळा सुरू झाली. स्टुलावर बसायचं, डोळे मिटायचे. नुसती साखर. नुसता काजू. यंदाचा काजू, गेल्या साली पत्र्याच्या डब्यात राहिलेला, ओल धरलेला. वास कसला येतो ते शब्दांत सांगायचं. माझे शब्द गणिताच्या बाईचे, त्यांना ते पुरत नसत. एकदा मी म्हटलं, पावसाळ्यात पुस्तकांचं कपाट उघडल्यासारखा. ते एकदम खूश झाले. "हां, ओल आसा. टाक गो कुंदा." मला जेवढं सांगता येई तेवढ्यावरून ते आठवून आठवून त्या वासापर्यंत पोचत. चेहऱ्यावर दिसायचं, पोचले की नाही ते.

मग मार्क सुरू झाले. सकाळी साडेसहाला स्टीलच्या चमच्यावर बोराएवढा गोळा. बावन्न. सत्तेचाळीस, साखर पुढे गेली. साठ. गुलाबपाणी कमी, अठ्ठावन्न. साठाच्या खाली असलं की कढई रिकामी व्हायची, कुंदा कपाळाला हात लावायची. पंधरा महिन्यांत सत्तर मी एकदाच दिले, ईस्टरच्या आदल्या आठवड्यात. त्या दिवशी त्यांनी मला संध्याकाळच्या आमटीत लसूण घालायची परवानगी दिली.

गावाला यातलं काही कळलं नाही. पात्रांवांचा हात तसाच आहे, असं लोक म्हणत.

पुढच्या पावसाळ्यानंतर देवबागला एक लग्न होतं. आमच्या इकडच्या ख्रिस्ती लग्नात नवरीच्या घरून नवऱ्याकडे मिठाईची ताटं जातात, त्याला ओजें म्हणतात. त्यात पात्रांवांची फळं मधोमध मांडायची ही त्या घराण्याची पद्धत. नवरीच्या आईच्या आणि आजीच्या ओजातही ती होती. दोन दिवस आधीपासून पात्रांव तापाने फणफणले होते. तरी उठले, काजू स्वतः काढले, कढईवर चार तास उभे राहिले. मी खाली गेले तेव्हा ते अजून कढईशीच होते. चमचा कढईच्या कडेला टकटक वाजत होता.

मी गोळा तोंडात घातला. पहिल्यांदा गोड, मग गुलाब, आणि मग जिभेच्या मागच्या बाजूला, अगदी शेवटी, खवट. फार नाही. डबा चुकला होता. यंदाच्या काजूत गेल्या सालचे मिसळले होते. झाकण उघडल्याबरोबर ज्या नाकाला कळलं असतं ते नाक आता नव्हतं, आणि ते नव्हतं हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी तापात पुन्हा कढई चढवली असती. वेळही नव्हता. ताटं दुपारी निघायची होती. ही सगळी कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी मला फक्त त्यांची कीव आली.

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हणाले.

त्यांना आनंद झाला नाही. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

"किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"बरा," ते म्हणाले आणि साचे पुढे ओढले.

कुंदा ताटं घेऊन देवबागला गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. लोक चांगले होते, कोणी तक्रार केली नाही, नवरीच्या आईने उलट आभारच मानले. पण कुंदाच्या हातात ताटांशिवाय एक कापडी पिशवी होती आणि ती ती पदराआड धरत होती. पात्रांवांनी ती मागून घेतली. आतली फळं काढून एकेक करून संगमरवरी फळीवर ओळीने मांडली. नासपत्या, अंजिरं, पीच. प्रत्येकाला एक चावा. दुसरा कशालाच नव्हता.

"माका वाटताना जरा येगळा वाटलेला," कुंदा रडत म्हणाली. "पण बाईनी पास केल्यानी. मगे मी काय सांगू?"

हे मला कुंदाने नंतर सांगितलं. मी वर वह्या तपासत होते. जिन्यावर काठीचा आवाज आला. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. अकरा अधिक दीड वर्षात पहिल्यांदाच ते वर येत होते. दारात उभे राहून त्यांनी धाप जिरवली. त्यांच्या हातात ते चावलेलं एक अंजीर होतं. ते त्यांनी माझ्या वह्यांवर ठेवलं.

"तुमका कळला नाय? की कळान सांगलात नाय?"

मी खोटं बोलू शकले असते. एकदा बोललेच होते. "कळलं होतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "माका नाक नाय ह्या माका म्हायत होता, बाईनू. पण जीब आसा असा वाटला होता."

एवढंच बोलून ते वळले. उतरताना मी हात धरायला पुढे झाले, तो त्यांनी धरू दिला नाही. मला तेव्हा जी लाज वाटली तशी उभ्या आयुष्यात वाटली नव्हती, आणि हे मी अजूनही कमी करून सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला खाली गेले तर स्टूल भिंतीशी उलटं करून ठेवलेलं. मी परत वर आले. दोन महिने तसं चाललं. चूल पेटायची ती नानखटाईपुरती. नाताळ आला, गेला, मासापांव झाला नाही. लोकांनी विचारलं तर ते म्हणत, काजू बरो नाय यंदा. मला केळ्यांची ताटली मात्र आली, त्यात चूक नव्हती.

नाताळनंतर एके सकाळी खालून आवाज आला. "डोळे उघडू नको. काय आसा सांग." आणि कुंदाचा आवाज, "साखर." "खंयची साखर?" मी जिन्यात बसून ऐकलं. पात्रांव कुंदाच्या डोळ्यांवर फडकं बांधून तिच्या नाकाखाली वाट्या धरत होते. त्यांना स्वतःला त्या वाट्यांतलं काहीच कळत नव्हतं. म्हणून कुठल्या वाटीत काय ते त्यांनी खडूने खाली लिहून ठेवलं होतं. वीस वर्षं वाटणाऱ्या बाईला, तिच्या पन्नाशीत, त्यांनी पहिल्यांदा कढईला हात लावू दिला.

शिमग्याच्या सुमाराला स्टूल सरळ झालं. बोलावणं आलं नाही, नुसतं स्टूल जाग्यावर दिसलं. मी जाऊन बसले. कुंदाने चमचा पुढे केला. पात्रांव खिडकीकडे तोंड करून उभे होते.

पाक कच्चा होता. काजू मात्र सुरेख वाटलेला. मी दोनदा चाखलं, बेरीज केली.

"एकेचाळीस."

कुंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. पात्रांव वळले, आणि कित्येक महिन्यांनी माझ्याकडे बघून हसले. "रडतंस कित्याक गो? साच्यात जावचा नाय, पण शाळेत एकेचाळीस म्हणजे पास. बाईनी दिल्यानी, म्हणजे खरे आसत."

पुढच्या पावसात त्यांनी अंथरूण धरलं. खाट कारखान्यातच घालून घेतली. श्रावणातल्या एका सकाळी कुंदा मला बोलवायला वर आली. त्यांना एकदा शेवटचं स्वतः करायचं होतं. कुंदाने शेगडी खाटेजवळ आणली होती, कढई धरून ठेवली होती, आणि घोटलं होतं त्यांनी, बसून, थांबत थांबत. त्यातून एकच नासपती झाली होती. रंग थोडा बाहेर गेला होता, लवंग तिरकी होती. ते उशीला टेकून बसले होते, गालांची हाडं वर आलेली. नासपती त्यांनी स्वतःच्या तळहातावर धरून माझ्यापुढे केली.

कुंदा माझ्याकडे बघत होती. ती काय मागत होती ते मला कळत होतं. या माणसाला आता कढई चढवायची नव्हती, ताट कुठे जायचं नव्हतं, कोणाच्या तोंडात खवट जाणार नव्हतं. शंभर म्हटलं असतं तरी चाललं असतं असं कोणीही सांगेल.

मी सावकाश खाल्लं. काजू यंदाचा, निवडलेला. पाक बरोबर, अगदी सिन्योराला आवडेल असा. पण गुलाबपाणी फार पडलं होतं. वास येत नसलेल्या माणसाने थेंब टाकत राहावं तसं.

"त्रेसष्ट," मी म्हणाले. माझा आवाज फुटला, पण आकडा फुटला नाही.

"कित्याक?"

"गुलाबपाणी जास्त आहे."

त्यांनी डोळे मिटले. नाकाने एक लांब श्वास घेतला, जसा पहिल्या दिवशी दारात घेतला होता, आणि बराच वेळ तसेच राहिले. मग चेहरा हळूहळू सैल झाला. पोचले.

"हां," ते म्हणाले. "जास्त आसा." आणि कुंदाकडे वळून, "आयकलंस? त्रेसष्ट. म्हणजे अजून सदतीस उरले. ते आता तुझे."

त्यानंतर सहा दिवसांनी ते गेले. मोगरा आणू नये, अगरबत्ती लावू नये, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. ते सगळं पाळलं. चर्चमध्ये धूप मात्र झाला, त्याला कोणाचा इलाज नव्हता.

मी निवृत्त झाले, घाटावर परत गेले नाही. खोली तीच आहे. दुकानावर अजून पाटी नाही आणि केकवर नाव घालत नाहीत. कुंदाने पिंगुळीहून नवा साचा आणला, या खेपेला आतून कोरलेला, आणि कपाटातल्या लाकडी काजूबोंडाशेजारी आता खरी खायची काजूबोंडं असतात. रोज सकाळी साडेसहाला मी स्टुलावर जाऊन बसते. ती चमचा देते आणि माझ्या तोंडाकडे न बघता खिडकीकडे तोंड करून उभी राहते.

परवा मी तिला चौसष्ट दिले.